लाकडी फांदीत पाणी चढताना बघायचं असेल तर: कापण्यापासून मोजण्यापर्यंत

तेरड्याचं रोपटं लाल पाण्यात ठेवलं की थोड्याच वेळात त्याच्या पारदर्शक खोडात लाल रेघा चढलेल्या दिसतात. हाच प्रयोग कडुनिंब, पेरू किंवा जास्वंदीच्या लाकडी फांदीवर केला की बहुतेकांचा फसतो. रंग बोटभर चढतो आणि थांबतो. नाहीतर सगळ्या लाकडात पसरून नुसता गुलाबी चिखल होतो आणि लाकडातली पाणी नेणारी कुठली नळी, म्हणजे जलवाहिनी, चालू आणि कुठली बंद, काहीच कळत नाही.

मी पहिल्यांदा हा प्रयोग मुलांसमोर केला तेव्हा जांभळाची फांदी अकरा वाजता तोडली, पिशवीत घालून वर्गात नेली आणि बाराला रंगाच्या पाण्यात ठेवली. शाळा सुटेपर्यंत फांदी तशीच्या तशी. एका मुलीने विचारलं, "मग झाड पाणी पितं कसं?" त्या प्रश्नाचं उत्तर फांदीतच होतं, पण तोडतानाच मी त्या उत्तराचा रस्ता हवेने बंद केला होता.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीभोवती फिरतात. लाकडी झाडात पाणी मुख्यतः वरून खेचलं जातं. पानांतून वाफ बाहेर पडते, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, आणि पानापासून मुळापर्यंत पाण्याचा अखंड धागा ताणलेला राहतो. उन्हाच्या वेळी हा ताण हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १० ते २० पट सहज असतो. आता ताणलेल्या रबराला कात्री लावा. दोन्ही टोकं मागे सरतात. फांदीतल्या पाण्याचंही तेच होतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवा शिरते. हवा शिरलेली वाहिनी त्या क्षणापासून बंद. म्हणून या प्रयोगात कापायचं कधी, कशात आणि किती, यावर निम्म्याहून जास्त यश अवलंबून आहे.

## टप्पा १: फांदी निवडा

पहिल्या प्रयोगाला कडुनिंब किंवा पेरू घ्या. फांदी पेन्सिलीइतकी जाड, सरळ, निरोगी आणि भरपूर पानांची हवी. कोवळा हिरवा शेंडा नको आणि अंगठ्याएवढी जुनी फांदीही नको.

जास्वंद चालते, पण तिच्या सालीत बुळबुळीत चिकट द्रव असतो. तो कापलेल्या टोकावर पसरला की वाहिन्यांची तोंडं बुजतात. जास्वंद घेणार असाल तर टोकाची दोन सेंटिमीटर साल काढून टाकायची आणि टोक धुऊन घ्यायचं.

ही झाडं सुरुवातीला टाळा:

- वड, पिंपळ, उंबर, फणस, चाफा, रबर. कापताक्षणी पांढरा चीक येतो आणि टोक बुजतं.
- आंबा. त्याचाही चीक त्रास देतो.
- साग. त्याच्या वाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतक्या रुंद असतात, म्हणून मोह होतो. पण कोवळं पान चुरगाळलं तरी हात लाल होतो, त्यामुळे लाल रंग घेतलात तर झाडाचा कुठला आणि तुमचा कुठला हे ओळखता येत नाही. साग घ्यायचाच असेल तर निळा रंग घ्या, आणि पानगळीत घेऊ नका.

पानगळीचा मुद्दा सगळ्याच झाडांना लागू आहे. पानं नाहीत म्हणजे खेचणारं कोणी नाही. निष्पर्ण फांदीत रंग चढला नाही म्हणून ती वाळली असं समजू नका.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "सूचिपर्णी झाडाचं लाकूड बघायचंय" म्हणून बरेच जण समुद्रकाठच्या सुरूची फांदी आणतात. सुरूची 'पानं' सुईसारखी दिसतात, पण त्या हिरव्या बारीक काड्या आहेत, आणि सुरू हे फुलं येणारं झाड आहे. खऱ्या सूचिपर्णी झाडात रुंद वाहिन्या नसतात. तिथे पाणी लांबट, टोकदार, अरुंद पेशींतून एकीकडून दुसरीकडे झिरपत जातं. ते बघायचं असेल तर बागेत लावतात त्या ख्रिसमस ट्रीची छाटलेली फांदी मिळवा.

तपासा: फांदीची तिरकी चकती कापून मध्यभागी बघा. मधला गाभा भेंडासारखा मऊ आणि जाड असेल तर ती फांदी पुढच्या टप्प्यात फसवेल. लाकडाचा भाग भरपूर आणि गाभा बारीक, अशीच घ्या.

## टप्पा २: वाहिनी किती लांब आहे ते आधी मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

जलवाहिनी म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत गेलेली एकच नळी, असं चित्र डोक्यात असतं. तसं नसतं. मेलेल्या, पोकळ पेशी एकावर एक रचून तयार झालेली ती नळी असते. काही झाडांत ती काही सेंटिमीटरवर संपते, काहींत मीटरच्या पुढे जाते. एक संपण्याआधी तिच्या अंगाला दुसरी चिकटून सुरू होते, आणि पाणी एकीतून दुसरीत भिंतीतल्या खाचांमधून जातं. या खाचांत पडदा असतो. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाणी सहज जातं, पण हवेचा बुडबुडा अडकतो. म्हणूनच एका वाहिनीत हवा शिरली तरी सगळं झाड मरत नाही.

आपल्याला याचा उपयोग असा: कापल्यावर हवा शिरते ती कापलेल्या वाहिनीच्या शेवटापर्यंत, साधारणपणे त्यापुढे नाही. सर्वांत लांब वाहिनी किती ते कळलं की खराब झालेला भाग किती कापून टाकायचा ते कळतं.

मोजायची पद्धत:

1. त्याच झाडाची, तेवढ्याच जाडीची, एक ते दीड मीटर लांब फांदी आणा. ही फांदी मोजण्यापुरतीच. रंगाच्या प्रयोगाला वापरायची नाही.
2. बुडख्याची दोन सेंटिमीटर साल काढा, टोक नव्या ब्लेडने साफ करा आणि त्यावर फिश टँकच्या एअर पंपाची नळी घट्ट बसवा. फट राहत असेल तर आधी टेफ्लॉन टेप गुंडाळा.
3. दुसरं टोक पाण्याच्या तसराळ्यात बुडवा आणि पंप चालू करा.
4. बुडलेलं टोक दर वेळी दोन सेंटिमीटर कापत जा. प्रत्येक कापानंतर टोक ब्लेडने साफ करा आणि अर्धा मिनिट थांबून बघा.
5. लाकडातून बुडबुड्यांची बारीक, सतत धार सुरू झाली की थांबा. उरलेल्या तुकड्याची लांबी म्हणजे त्या फांदीतली सर्वांत लांब वाहिनी.

भिंग हातात ठेवा. पहिला बुडबुडा नेमका कुठून आला ते महत्त्वाचं. मधल्या गाभ्यातून आला तर मोजू नका. पंपाकडच्या टोकाच्या गाभ्यावर फेविक्विकचा एक थेंब सोडून पुन्हा सुरू करा. सालीच्या बाजूने आला तर नळी नीट बसलेली नाही. लाकडाच्या कड्यातून, एखाद्या ठिपक्यातून मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे निघतात, तेच खरे.

सावधान: सायकलचा पंप वापरू नका. दाब जास्त झाला तर हवा खाचेतल्या पडद्यांमधून पलीकडे जाईल आणि लांबी खोटी, जास्त येईल. फिश टँकच्या पंपाचा दाब पुरेसा कमी असतो.

## टप्पा ३: आदल्या संध्याकाळची तयारी

झाडाला संध्याकाळी भरपूर पाणी घाला. कुंडीतलं असेल तर खालून निथळेपर्यंत.

पाणी दहा मिनिटं उकळा आणि गरम असतानाच बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावा. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. साध्या नळाच्या पाण्यात ती असते आणि वाहिन्यांच्या आत बुडबुडे होऊन बसते.

रंग इथेच तयार करून ठेवा. रंग निवडताना दोन गोष्टी बघायच्या. तो पाण्यात पूर्ण विरघळला पाहिजे, आणि तो लाकडाला चिकटतो की पाण्याबरोबर पुढे जातो हे माहीत पाहिजे.

हळद, कुंकू, रांगोळीचे रंग, पोस्टर कलर, जेल पेनची शाई यांतलं काहीही चालत नाही. हे रंग विरघळत नाहीत, त्यांचे बारीक कण पाण्यात तरंगतात आणि खाचेतल्या पडद्यावर अडकतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी पाइनच्या ताज्या फांदीचा तुकडा गाळणी म्हणून वापरला, तेव्हा पाण्यातले ९९ टक्क्यांहून जास्त जिवाणू त्यात अडकले. जिथे जिवाणू अडकतात तिथे कुंकवाचा कण कसा जाईल? (घरी असं पाणी गाळून पिऊ मात्र नका. विषाणू त्याहून लहान असतात.)

चालतात ते दोन:

- खाण्याचा पातळ रंग, लाल किंवा निळा. १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा. तो पाण्याबरोबर झपाट्याने चढतो. पाणी कुठपर्यंत गेलं हे बघायला हा चांगला.
- सॅफ्रानिन, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते. १०० मिलीत ०.१ ग्रॅम. हा रंग वाहिनीच्या लाकडी भिंतीला घट्ट चिकटतो, त्यामुळे तो हळू चढतो, पण कुठल्या वाहिन्या चालू होत्या ते नेमकं ठसठशीत दाखवतो.

दोघांचे निकाल एकमेकांशी ताडून बघू नका. सॅफ्रानिन १० सेंटिमीटर चढलं आणि खाण्याचा रंग ४०, याचा अर्थ पाण्याचा वेग बदलला असा होत नाही.

तयार रंग कॉफीच्या फिल्टर पेपरमधून दोनदा गाळा. खाली गाळ राहिला तर तिसऱ्यांदा.

बाकी सामान: धारदार छाटणीची कात्री, दाढीचं नवं ब्लेड (पाकिटातून तेव्हाच काढलेलं), खोल बादली, काळी प्लॅस्टिकची पिशवी, ओला पंचा.

## टप्पा ४: पहाटे कापा, आणि दोनदा कापा

वेळ: उजाडायच्या सुमाराला, पानांवर ऊन पडण्याआधी. रात्रभर पानांची छिद्रं मिटलेली असतात, झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं, आणि ताण सर्वांत कमी असतो.

1. रात्रीच फांदीवर काळी पिशवी चढवून खाली सैल बांधून ठेवा.
2. पहाटे फांदी लांब कापा. किती लांब? तुम्हाला शेवटी हवी तेवढी, अधिक टप्पा २ मध्ये मोजलेली लांबी, अधिक चार बोटं.
3. कापलेलं टोक लगेच बादलीतल्या पाण्यात. इथे पाच सेकंदांचाही उशीर करू नका.
4. पिशवी तशीच ठेवून, वरून ओला पंचा टाकून फांदी तासभर सावलीत उभी ठेवा. उरलेला ताण या वेळात सैल पडतो.
5. मग टोक पाण्याखालीच ठेवून खालून कापत जा: एकदम सगळं नको, दोन-तीन कापांत. मोजलेल्या लांबीइतका भाग काढून टाका.

पाचवा मुद्दा पुन्हा वाचा. पाण्याखाली कापताना कात्रीची पाती, तुमचा हात आणि फांदीचं टोक, तिन्ही पाण्यात हवीत. बरेच जण पाण्याच्या पृष्ठभागाशी कापतात आणि फांदी उचलताना टोक क्षणभर हवेत येतं. तेवढं पुरेसं असतं.

"पाण्याखाली कापलं की झालं" असंही समजू नका. भर उन्हात, ताण जोरात असताना पाण्याखाली कापलं तरी वाहिन्यांत बुडबुडे तयार होऊ शकतात. आधी ताण सैल करायचा, मग पाण्याखाली कापायचं. क्रम उलटा झाला तर पुढचं मोजमाप संशयास्पद.

तपासा: पिशवी काढल्यावर पानं टवटवीत आहेत का? एकही पान लोंबत असेल तर ती फांदी सोडा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा. वेळ वाया जातो, पण चुकीचा निकाल वहीत जात नाही.

## टप्पा ५: टोक ब्लेडने साफ करा

छाटणीच्या कात्रीने कापलेलं टोक भिंगातून एकदा बघाच. कडेचे तंतू दबलेले, वाहिन्यांची तोंडं चेपलेली, वर लाकडाचा भुगा. पाणी शिरणार कुठून? नव्या ब्लेडने, पाण्याखालीच, दोन-तीन मिलिमीटरचा पातळ काप काढा. ब्लेड फांदीवर दाबू नका, तिरकं ओढत न्या. टोक चकचकीत आणि सपाट दिसलं पाहिजे. एका ब्लेडवर दोन फांद्या, त्याहून जास्त नाहीत.

फुलदाणीतल्या गुलाबाचे आणि इतर लाकडी देठ हातोडीने ठेचावेत, म्हणजे पाणी जास्त चढतं, असा सल्ला घरोघरी दिला जातो. तो चुकीचा आहे. ठेचल्याने तोंडं चेपतात, पेशी फुटतात, त्यातला द्रव पाण्यात उतरतो आणि तिथे जिवाणू वाढतात. देठ पाण्याखाली धारदार पात्याने कापा, एवढंच पुरतं.

## टप्पा ६: रंगात ठेवा

फांदी बादलीतून रंगाच्या बाटलीत नेताना टोकाला पाण्याचा थेंब लोंबता राहिला पाहिजे. तो थेंब म्हणजे हवेला लावलेलं बूच. थेंब पडला तर परत पाण्याखाली नेऊन एक पातळ काप काढा. नवी बाटली शेजारी आणून ठेवलीत तर हे हलवणं दोन सेकंदांत होतं.

आता काळी पिशवी काढा आणि फांदी उजेडात, हलक्या वाऱ्यात ठेवा. पानं काढू नका. पसारा कमी व्हावा म्हणून लोक पानं तोडतात आणि मग रंग चढत नाही म्हणून कोड्यात पडतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात खाण्याचा रंग अर्धा तास ते तासभर पुरतो. सॅफ्रानिनला दोन तास द्या.

रात्रभर कधीच ठेवू नका. रंग वाहिन्यांमधून बाजूला झिरपतो, बंद वाहिन्यांच्या भिंतीतही पोहोचतो, आणि सकाळी सगळं लाकूड एकसारखं रंगलेलं दिसतं. ते बघून फार छान निकाल आला असं वाटतं. प्रत्यक्षात त्या फांदीतून काहीही शिकता येत नाही.

तुलनेसाठी आणखी एक फांदी घ्या: त्याच झाडाची, तेवढ्याच पानांची, पण दुपारी एक वाजता हवेत कापलेली आणि दहा मिनिटं तशीच उघडी ठेवलेली. ती त्याच रंगात, तेवढाच वेळ. या दोन फांद्यांमधला फरक हाच खरा निकाल.

## टप्पा ७: शेंड्याकडून बुडख्याकडे काप घ्या

दिशा महत्त्वाची आहे. रंगलेल्या टोकाकडून कापायला सुरुवात केली तर ब्लेडला लागलेला रंग पुढच्या स्वच्छ कापावर पुसला जातो आणि जिथे रंग पोहोचलाच नाही तिथेही तो दिसतो. म्हणून शेंड्याकडून सुरू करा, दर पाच सेंटिमीटरला काप, प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसून कोरडं. चकत्या टिपकागदावर क्रमाने मांडा आणि शेजारी पेन्सिलीने अंतर लिहा.

नीट जमलेल्या फांदीची चकती भिंगाखाली अशी दिसते: बाहेर साल, तिला रंगाचा स्पर्श नाही. तिच्या आत फिकट लाकडाचं कडं, आणि त्यात टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके. मध्यभागी गाभा, तोही पांढरा. वर जाल तसे ठिपके विरळ होतात. साल लाल झाली असेल तर रंग बाहेरून ओघळलाय किंवा वेळ जास्त झाला.

सालीला रंग लागत नाही यात एक मोठी गोष्ट आहे. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या बाजूच्या रसवाहिन्यांमधून जाते, आणि त्या जिवंत पेशींच्या असतात. माडाची माडी किंवा शिंदीची नीरा गोड लागते, कारण तो रसवाहिन्यांतला रस असतो. जलवाहिनीतलं पाणी जवळजवळ बेचव असतं. द्राक्षबागेत छाटणीनंतर काडीच्या टोकातून टपटप पाणी गळतं, ते मात्र जलवाहिनीतलं: तिथे मुळांचा दाब पाणी वर ढकलतो. वेलीला तेव्हा पानं नसतात, त्यामुळे खेचणारा ताणही नसतो. भर पानांच्या झाडाला दुपारी कापलं तर थेंबही का गळत नाही, ते यावरून लक्षात येतं.

फोल्डस्कोप (कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक) असेल तर ब्लेडने शक्य तितका पातळ काप घ्या, पूर्ण गोल नसला तरी चालेल, पाचर पुरते. साधारण १४० पटीत वाहिन्यांची गोल तोंडं स्वच्छ दिसतात. मुलं लगेच ठिपके मोजायला लागतात. मोजू द्या, पण एक सांगा: अरुंद नळीतून जाणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतं. म्हणजे दुप्पट रुंद असलेली एक वाहिनी सोळा अरुंद वाहिन्यांइतकं पाणी नेते. नुसत्या संख्येवरून "या फांदीत जास्त पाणी जातं" असं म्हणता येत नाही. रुंदी लिहा.

## टप्पा ८: किती पाणी जातं ते मोजा

इथे रंग नको, पानंही नकोत. टप्पा ४ आणि ५ प्रमाणे पाण्याखाली तयार केलेला १५ सेंटिमीटरचा, फाटे नसलेला तुकडा घ्या. दोन्ही टोकं साफ, दोन्हीकडची दोन सेंटिमीटर साल काढलेली.

1. औषधांच्या दुकानातून नवा सलाईन सेट आणा. त्याची नळी फांदीवर बसत नसेल तर मध्ये फिश टँकच्या रबरी नळीचा तुकडा घाला. जोडावर टेफ्लॉन टेप, वरून रबरबँड.
2. सगळी जोडणी बादलीत, पाण्याखाली करा. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये. नळीला टिचक्या मारून बुडबुडे वर काढा.
3. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली अशी टांगा की तिच्यातल्या पाण्याची पातळी फांदीच्या मोकळ्या टोकापेक्षा बरोबर ५० सेंटिमीटर उंच राहील. फांदी आडवी ठेवा.
4. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी टाकून द्या.
5. पुढची दहा मिनिटं टोकातून येणारं पाणी छोट्या कुपीत घ्या, आणि २ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून मोजा. तीनदा करा.

समजा दहा मिनिटांत ०.८ मिली आलं. तुलनेसाठी एवढं गणित पुरे: पाणी गुणिले तुकड्याची लांबी, भागिले उंची. ०.८ × १५ ÷ ५० = ०.२४. हवेत कापलेल्या फांदीचा तसाच तुकडा ०.०९ देत असेल, तर निम्म्याहून अधिक रस्ता बंद आहे. जाडी वेगळी असेल तर आकड्याला लाकडाच्या क्षेत्रफळाने भागा; साल आणि गाभा त्यात धरू नका.

उंची ५० सेंटिमीटरवर ठेवायचं कारण आहे. बाटली माळ्यावर टांगली तर पाणी जोरात येतं आणि बरं वाटतं, पण त्या दाबाने अडकलेले बुडबुडे वाहून जाऊ शकतात. मग बंद वाहिन्या उघडतात आणि जे मोजायचं होतं तेच नाहीसं होतं.

तपासा: तिन्ही मोजमापं क्रमाने घटत गेली तर टोक बुजतंय. दोन्हीकडून ब्लेडने पातळ काप काढा आणि नव्याने मोजा. तरीही घटत असेल तर पाण्यात कण आहेत; परत गाळा. मोजमापं वर-खाली उड्या मारत असतील तर जोड गळतोय. जोडाभोवती टिपकागद गुंडाळून बघा, ओला झाला की चोर सापडला.

आता तीच फांदी उलटी लावा आणि मोजा. आकडा जवळपास तोच येतो. "झाडात पाणी वरच जावं म्हणून झडपा असतात" असं मी कितीतरी मोठ्या माणसांकडूनही ऐकलंय. झडपा नसतात. पाणी जिकडे ताण जास्त तिकडे जातं.

## टप्पा ९: भर दुपारची एक कापणी

हे मोजण्यासाठी नाही, बघण्यासाठी आहे. कोरड्या, उन्हाच्या दिवशी बारा ते दोनच्या दरम्यान, झाडावरचीच एक खाली आलेली, लवचिक, पानांनी भरलेली फांदी निवडा. बादलीत गाळलेला गडद निळा खाण्याचा रंग घ्या. फांदी हळूच वाकवून तिचा मधला भाग रंगात पूर्ण बुडवा आणि रंगाच्या आतच कात्रीने एका झटक्यात कापा. दोन्ही टोकं मिनिटभर आतच धरून ठेवा.

मग दोन्हीकडे बघा. तुटलेल्या फांदीत, कापापासून लांबच्या बाजूने सुरू करून, काप घेत या: रंग वर गेलेला दिसेल. झाडावर राहिलेल्या खुंटातही तसेच काप घ्या. तिथे रंग खाली, मुळाकडे गेलेला असतो. मुळं पाणी ढकलत असती तर खालच्या टोकातून पाणी बाहेर आलं असतं. इथे रंग आत ओढला गेला, दोन्हीकडून, कारण धागा ताणलेला होता.

जांभळाच्या फांदीला त्या दिवशी हेच झालं होतं, फक्त बादलीतल्या रंगाच्या जागी हवा होती. आता मी वर्गात या कापणीने सुरुवात करतो आणि पहाटेची फांदी दुसऱ्या दिवशी आणतो. मुलांना आधी निळा खुंट दिसला की पाण्याखाली का कापायचं ते सांगावं लागत नाही.

काम झालं की झाडावरचा खुंट डोळ्याच्या (जिथून नवा अंकुर फुटतो त्या जागेच्या) जरा वर, तिरका, स्वच्छ कापून टाका. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, झाडाला पाणी कधी घातलं होतं, फांदीची जाडी आणि पानांची संख्या लिहा. ब्लेड कागदात गुंडाळून डब्यात टाका, आणि सॅफ्रानिन मोरीत ओतू नका, त्याचे डाग जात नाहीत.